ताप माणसाला, तपास गोठ्यात

सोमवारच्या ओपीडीत एकाच वस्तीवरचे तिघे येतात. सासू, सून आणि मळ्यावरचा गडी. तिघांनाही दोन-तीन आठवड्यांपासून ताप आहे. संध्याकाळी चढतो, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम येऊन उतरतो. कंबर धरली आहे, गुडघे दुखतात, जेवण जात नाही. मलेरिया नाही, डेंग्यू नाही. विडाल चाचणी थोडीफार पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले आहेत. तिसऱ्यांदा त्याच गोळ्या लिहायच्या आधी सासूला एवढंच विचारा: "मावशी, घरी जनावरं कोणती आहेत? इतक्यात कुठली गाभडली का?"

नाशिक जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, तरुण पशुधन विकास अधिकारी आणि सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलं, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. त्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं, म्हणजे एखाद्या जनावराने दिवस भरायच्या आधी टाकलं असेल, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्या: ब्रुसेला नावाच्या जंतूंमुळे जनावरांतून माणसांत येणारा हा ताप. मग पुढे काय करायचं?

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. जनावरांपासून माणसांत येणाऱ्या आजारात गोठ्यातली गोष्ट आधी घडलेली असते, दवाखान्यातली नंतर. आणि गोठ्यातली गोष्ट सगळ्यात नीट ठाऊक असते ती शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईला. सातबारा नवऱ्याच्या नावावर, दुधाचं कार्ड सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे चौकशी त्यांच्याकडेच होते. तिचं म्हणणं कागदावर येईपर्यंत तपास सुरू झाला असं मी मानत नाही.

आधी आपला जिल्हा ओळखा

पंधरा तालुके आहेत आणि त्यांतली जनावरं, माणसं, कामं वेगवेगळी आहेत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा पावसाचा, भाताचा पट्टा. इथे डांगी गाई. आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत माणसं तासन् तास गुडघाभर चिखलात उभी असतात, त्याच पाण्यात उंदरांचं आणि गुरांचं मूत मिसळलेलं असतं. पायाला चिरा, काट्याच्या जखमा असतातच. जुलै-ऑगस्टमध्ये इथून तापाचे रुग्ण आले, पोटऱ्या दुखतात म्हणाले, डोळे लाल दिसले, की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, मुतातून पाण्यात आलेल्या जंतूंचा ताप) डोक्यात आलाच पाहिजे.

निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांत संकरित गाई आणि पोल्ट्रीच्या शेड. संकरित गाय महागडी, तिच्या दुधावर घराचा हप्ता चालतो, म्हणून तिचा आजार लपवण्याकडे कल जास्त. येवला, नांदगाव, चांदवड, सिन्नरचा पूर्व भाग हा कमी पावसाचा. इथे शेळ्या-मेंढ्या आणि वर्षातले कित्येक महिने फिरतीवर असलेले मेंढपाळांचे वाडे. मालेगावात जनावरांची खरेदी-विक्री आणि मांसाचा व्यवसाय मोठा, तिथे चौकशी उर्दूतही करता आली पाहिजे. घोटीचा जनावरांचा बाजार तर प्रसिद्धच आहे. बाजाराचं गाव लक्षात ठेवा. रोगाला गावाची वेस कळत नाही, तो दावं बदललेल्या जनावराबरोबर जातो.

खबर आली की पहिला तास

खबर कधी सरळ येत नाही. आशाताई म्हणते, "मॅडम, आमच्या वस्तीवर ताप जरा जास्तच आहे." मेडिकल दुकानदार म्हणतो, तापाच्या गोळ्या एकाच वाडीत खूप जातायत. कृत्रिम रेतन करणारा मुलगा म्हणतो, त्या गल्लीतल्या गाई सारख्या उलटतायत, म्हणजे भरवूनही गाभ राहत नाहीत. ही शेवटची खबर फार मोलाची असते, आणि आरोग्य विभागापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या हद्दीतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसा. डॉक्टरसाहेबांचा आणि रेतन करणाऱ्या मुलांचा नंबर घ्या, आपला द्या. साथ आल्यावर ओळख काढायला वेळ नसतो.

खबर मिळताच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवा. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे, आता त्याची माहिती पोर्टलवर भरतात. पण पोर्टलवर नोंद केली म्हणजे कळवलं असं समजू नका, फोन करा. दुसरा फोन पशुधन विकास अधिकाऱ्यांना. जनावरांचे काही रोग २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंधक कायद्याखाली कळवण्याजोगे आहेत. तशी शंका आली तर मालकाने ग्रामपंचायतीला सांगायचं असतं आणि तिथून खबर पशुवैद्यकांकडे जायची असते. गावकऱ्यांना मात्र हा कायदा म्हणून न सांगता १९६२ हा टोल फ्री नंबर द्या. तो जनावरांच्या उपचारासाठी आहे, आणि लोक त्यावर आपणहून बोलतात.

गावात कसं शिरायचं

माझ्या सुरुवातीच्या एका तपासात आम्ही दोन सरकारी गाड्या घेऊन, सात जण, मास्क आणि पांढरे गाऊन घालूनच वस्तीवर उतरलो. पाच मिनिटांत पन्नास माणसं जमली. मालकाने हात जोडले आणि म्हणाला, "आमच्याकडं तसलं काही नाही." दुसऱ्या दिवशी नमुने घ्यायला गेलो तर गाभडलेल्या दोन्ही गाई दावणीला नव्हत्या. रातोरात व्यापाऱ्याला देऊन टाकल्या होत्या, आणि तो त्या कुठे घेऊन गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या येण्यानेच रोग दुसऱ्या गावात गेला असेल, ही गोष्ट मला अजून टोचते.

तेव्हापासून मी पहिल्या दिवशी दोघंच पाठवते: एक आरोग्याचा माणूस, एक पशुवैद्यक. मोटरसायकलवर. आशाताई बरोबर. आधी आजारी माणसाची विचारपूस, औषध, मग जनावराकडे वळायचं. संरक्षक कपडे पिशवीत ठेवायचे आणि गोठ्यात शिरण्याआधी, का घालतोय ते सांगून, घालायचे. पेठ-सुरगाण्याकडे जायचं असेल तर कोकणा किंवा वारली बोली समजणारं कुणीतरी सोबत हवं. आपली पुस्तकी मराठी तिथे अर्धीच पोहोचते.

पिशवीत काय असावं? रबरी बूट, दोन जोड्या हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, एप्रन, साबण, सोडियम हायपोक्लोराइट, साध्या आणि ईडीटीएच्या नळ्या, बर्फाच्या पिशव्यांसह शीतपेटी, न पुसणारा पेन, लेबलं, लाल पिशव्या. आणि हो, कागद. मोबाइलवरचे फॉर्म चांगले असतात, पण इगतपुरीच्या डोंगरवाड्यांत रेंज जाते. तुमच्या टीममध्ये कुणी गरोदर असेल तर तिला व्यालेल्या किंवा गाभडलेल्या शेळ्या-गाईंजवळ पाठवू नका. क्यू ताप आणि ब्रुसेलोसिस दोन्ही गर्भाला धोक्याचे आहेत.

खरंच साथ आहे का?

ही पायरी थोडक्यात. गेल्या वर्षी याच महिन्यात याच उपकेंद्रात तापाचे किती रुग्ण होते ते नोंदवहीत बघा. नवीन डॉक्टर आला, मोफत तपासणीचं शिबिर झालं किंवा नवीन किट आलं की आकडा उगाच वाढतो. मात्र काही आजारांत तुलना करत बसायची नाही. काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा), बर्ड फ्लूचा किंवा गोचिडीतून येणाऱ्या क्रिमियन काँगो तापाचा एक संशयित रुग्ण म्हणजे साथच समजा आणि कामाला लागा.

रुग्ण कोणाला म्हणायचं

व्याख्या लिहिल्याशिवाय घरोघर फिरू नका. नाहीतर एक आशाताई सर्दीवाले लिहून आणते, दुसरी फक्त अंथरुणाला खिळलेले. सुरुवातीच्या तिघांसाठी व्याख्या अशी असू शकते: गेल्या सहा महिन्यांत या वस्तीत राहणारी किंवा इथे कामाला येणारी व्यक्ती, जिला सात दिवसांहून जास्त ताप आला आणि सोबत सांधेदुखी, कंबरदुखी किंवा रात्रीचा घाम यांपैकी काहीतरी होतं. हा झाला संशयित रुग्ण. रक्ततपासणीत ब्रुसेलाची प्रतिपिंडं सापडली तर संभाव्य. रक्तात जंतू वाढला किंवा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडं चौपट वाढली तर निश्चित.

सहा महिने का? ब्रुसेलोसिसची लागण झाल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत त्रास सुरू होतो, पण कधीकधी काही महिनेही लागतात. लेप्टोचे दिवस २ ते ३०, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत. त्वचेच्या काळपुळीचे १ ते ७. व्याख्येत मागे किती जायचं ते या दिवसांवर ठरवा, अंदाजाने नव्हे.

दोन याद्या, एकच कॅलेंडर

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

एक यादी माणसांची: नाव, वय, लिंग, काम, घर, त्रास सुरू झाल्याची तारीख, लक्षणं, तपासण्या, उपचार. ही सगळेच करतात. दुसरी यादी जनावरांची, आणि ती तितक्याच कसोशीने भरायची: कोणतं जनावर, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, कुठून आणि कधी विकत घेतलं, कितवं वेत, कधी गाभडलं, कितव्या महिन्यात, वार (व्याल्यावर पडणारी झिल्ली) आपोआप पडला की हात घालून काढावा लागला, तो वार कोणी उचलला आणि कुठे टाकला, दूध कुठे जातं, लस कधी टोचली, मेलं असेल तर मेल्यावर त्याचं काय केलं. मग दोन्ही याद्यांतल्या तारखा एकाच लांब कागदावर, एकाखाली एक मांडा. वरच्या ओळीत जनावरं, खालच्या ओळीत माणसं. ब्रुसेलोसिस असेल तर वरच्या ओळीत गाभडण्याच्या खुणा आणि त्यानंतर काही आठवड्यांनी खालच्या ओळीत तापाच्या खुणा दिसू लागतात. संगणकाचा आलेख नंतर काढा. हा हाताने काढलेला कागद गावातल्या लोकांनाही वाचता येतो आणि ते त्यात आपणहून भर घालतात.

तारखा विचारताना "कोणत्या तारखेला?" असं विचारलं की समोरचा काहीतरी सांगून मोकळा होतो. "पोळ्याच्या आधी की नंतर?" असं विचारा. भाताकडे "आवणी चालू होती का संपली होती?", द्राक्षाच्या मळ्यात "गोडी छाटणी झाली होती का?", कांद्याकडे "उन्हाळ कांद्याची लागण व्हायच्या आधी?" असं विचारलं की माणूस एकदम आठवून सांगतो. गाईची तारीख तर बाईला तिथीसकट माहीत असते, कारण भरवल्याचा दिवस तिने मोजून ठेवलेला असतो.

शब्दही त्यांचेच वापरा. "गर्भपात झाला का?" या प्रश्नाला अनेक ठिकाणी "नाही" असंच उत्तर येतं. जनावराला तो शब्द लावत नाहीत, आणि बाईच्या कानाला तो वेगळाच लागतो. "गाभडली का?", "दिवस भरायच्या आधी टाकलं का?", "वासरू मेलेलंच झालं का?" असं विचारा. दूध कच्चं पिता का, असं विचारलं की सगळे "उकळून" म्हणतात. मग विचारा, धार काढताना लेकराच्या तोंडात चूळभर दूध देता का? म्हातारबाबा धारोष्ण दूध घेतात का? शेळी व्याल्यावर चीक कोण खातं, आणि तो शिजवून की तसाच?

आणि हे सगळं विचारताना पुरुषमंडळींना ओसरीवर चहाला बसवून एकीला गोठ्यात घेऊन जा. ती कामं दाखवत दाखवत सांगते. तिथे उभं राहिल्यावर कळतं की सकाळी पाचला ती अनवाणी शेण भरते, गव्हाणीच्या कोपऱ्यात पडलेला वार दोन्ही हातांनी उचलून पाटीत टाकते, पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्यावर जाते, वाटेत त्यातलं पाणी मानेवरून ओघळतं, कुत्रा मागून येतो आणि उकिरडा उकरून तो वार परत अंगणात ओढतो. एका गाभडलेल्या गाईच्या वारात आणि स्रावात ब्रुसेलाचे जंतू प्रचंड संख्येने असतात. हातावरच्या चिरा, डोळ्यांत उडालेला थेंब, श्वास, सगळे मार्ग त्या दहा मिनिटांत उघडे असतात. छापील प्रश्नावलीत यासाठी एकच चौकोन असतो: "जनावरांशी संपर्क: आहे / नाही."

नमुने

माणसांचे नमुने वैद्यकीय अधिकाऱ्याने, जनावरांचे पशुवैद्यकाने घ्यायचे. दोघांनी एकाच दिवशी घ्यावेत आणि दोन्हीवर एकाच घराचा क्रमांक असावा, म्हणजे पुढे जुळवता येतात. रक्ताचं कल्चर लावायचं असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी नमुना घ्या. प्रयोगशाळेला "ब्रुसेलाची शंका" असं ठळक लिहून कळवा. हा जंतू तंत्रज्ञांना प्रयोगशाळेतच बाधतो, त्यामुळे ही सूचना त्यांच्या जिवाशी निगडित आहे. लेप्टोची प्रतिपिंड चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर रुग्णाला मोकळं करू नका, दुसरा नमुना घ्या.

जनावरांत ब्रुसेलासाठी पहिली चाळणी रोझ बंगाल चाचणीची. गाईच्या एकत्र दुधावर मिल्क रिंग चाचणी करता येते, पण शेळीच्या दुधाला ती भरवशाची नाही. कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाविरुद्धची एस-१९ लस टोचलेली असेल तर त्यानंतर काही काळ चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून लशीची नोंद बघितल्याशिवाय निकाल वाचू नका. ही जिवंत लस आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर तोही एक रुग्णच, त्यामुळे लस टोचणाऱ्या सेवकांनाही तापाबद्दल विचारा.

नमुने दोन ते आठ अंशांत, तिहेरी पॅकिंगमध्ये पाठवा. विषाणूंच्या तपासासाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि जनावरांच्या रोगनिदानासाठी पुण्यातलीच औंधची प्रयोगशाळा आपल्याला जवळ आहे. बर्ड फ्लूचं निश्चित निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होतं.

एक गोष्ट कधीही करायची नाही. जनावर अचानक मेलं आहे, पोट भराभर फुगलं आहे, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय आणि अंग ताठत नाही, असं दिसलं तर शवविच्छेदन करायचं नाही, कातडं सोलायचं नाही. हवा लागली की काळपुळीच्या जंतूचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पुरतो.

सगळेच दूध पितात, मग दोष दुधाचा का?

तपासात नवख्यांची इथे हमखास चूक होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वस्तीत १४ रुग्ण सापडले, त्यांतले १२ जण शेळीचं दूध पितात. लगेच अहवालात लिहिलं जातं: कारण शेळीचं दूध. पण न आजारी पडलेल्या २८ शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांतलेही २२ जण तेच दूध पितात. दूध पिणारे आणि न पिणारे यांचं गुणोत्तर काढा (१ आलं तर काहीच फरक नाही): (१२ गुणिले ६) भागिले (२ गुणिले २२), म्हणजे सुमारे १.६. एवढ्या लहान आकड्यांत हा फरक योगायोगानेही येऊ शकतो. आता दुसरा प्रश्न: उघड्या हाताने वार उचलला किंवा गोठा धुतला का? रुग्णांपैकी ११ जणांनी, निरोगी शेजाऱ्यांपैकी फक्त ६ जणांनी. (११ गुणिले २२) भागिले (३ गुणिले ६), म्हणजे १३ च्या वर. बोट कुठे दाखवायचं ते आता स्पष्ट आहे.

निरोगी शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय हे कळलं नसतं. म्हणून प्रत्येक रुग्णामागे किमान दोन निरोगी माणसं, त्याच वस्तीतली, साधारण त्याच वयाची, निवडा आणि त्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. आकडेमोड एपी इन्फो या मोफत सॉफ्टवेअरवर होते, वहीवरही होते.

आपला कयास सगळ्या गोष्टींना लागू पडतो का, हेही तपासत राहा. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणाऱ्यांत मेंदूज्वराची साथ आली. सुरुवातीला जपानी मेंदूज्वर समजून डास मारले, लस दिली. पण आजारी पडत होते ते मुलं नसून कामकरी मोठी माणसं, लस घेतलेलेही पडत होते, आणि त्याआधी डुकरंच खोकून आजारी पडत होती. या तीन गोष्टी डासांच्या कयासात बसत नव्हत्या. शेवटी तो नवाच विषाणू निघाला, निपाह. तोवर महिने गेले होते. मलेशियात २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू झाले आणि दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. तुमच्या यादीत एखादा रुग्ण कयासात बसत नसेल तर त्याला वगळू नका, त्याच्याच घरी पुन्हा जा.

जनावर ठणठणीत दिसतं म्हणून त्याला निर्दोष ठरवू नका, हेही त्यातलंच. क्रिमियन काँगो तापात गुरं-शेळ्या आजारी दिसतच नाहीत, विषाणू गोचिडीत आणि रक्तात असतो. गोचीड नखाने चिरडणारा, कापताना रक्त अंगावर उडालेला माणूस आजारी पडतो. भारतात हा आजार पहिल्यांदा जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत, अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावातल्या एका महिला रुग्णामुळे निश्चित झाला, आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. ताप, त्वचेखाली रक्ताचे डाग, हिरड्यांतून रक्त आणि आधी गोचीड किंवा कत्तलीचा संपर्क, एवढं जुळलं की अहवालाची वाट न बघता रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा.

नियंत्रण अहवालाची वाट बघत नाही

तपास चालू असतानाच करायच्या गोष्टी असतात. ब्रुसेलाची शंका असेल तर गाभडलेलं जनावर वेगळं बांधा, वार आणि मेलेलं वासरू खोल पुरा, हातमोजे आणि बूट त्या बाईच्या मापाचे द्या, दूध उकळी फुटेपर्यंत तापवायला सांगा. रुग्णांना डॉक्सिसायक्लिनसोबत दुसरं औषध जोडून सहा आठवड्यांचा उपचार लागतो. गरोदर बायका आणि लहान मुलांची औषधं वेगळी. आठवड्याभरात ताप उतरतो आणि लोक गोळ्या सोडतात, मग ताप परत येतो. आशाताईंची गरज इथे सगळ्यात जास्त आहे.

लेप्टोत आवणीच्या गावांत ताप अंगावर काढू देऊ नका, त्याच दिवशी उपचार सुरू करा. काळपुळीत मेलेलं जनावर आहे तिथेच खोल पुरा किंवा जाळा, ज्यांनी मांस कापलं, वाटून घेतलं, खाल्लं त्या सगळ्या घरांची यादी करा. हातावर न दुखणारा, मधे काळा पडलेला फोड शोधा. आसपासच्या जनावरांना पशुवैद्यक लस देतात, पण ज्यांना प्रतिजैविक चालू आहे त्यांना त्याच वेळी लस लागू पडत नाही.

पोल्ट्रीत एकाएकी मोठी मर झाली तर शेडमधून एकही पक्षी, अंडं, खाद्याचं पोतं किंवा खत बाहेर जाऊ द्यायचं नाही. देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ २००६ मध्ये आपल्याच विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा झाली. निदान पक्कं झालं की एक किलोमीटरच्या आत पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. पक्षी नष्ट करणाऱ्या माणसांची त्यानंतर दहा दिवस रोज तब्येत विचारायची, हे काम आरोग्य विभागाचं. गावाला हेही सांगा की नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यातून तो होत नाही. नाहीतर वीस गावांतले पोल्ट्रीवाले विनाकारण बुडतात.

गाय पॉझिटिव्ह निघाली, पुढे?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी तसं भासवणार नाही. ब्रुसेला झालेल्या गाईला औषध देऊन बरं करता येत नाही. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे ती कापता येत नाही. मालकाला ती पोसणं परवडत नाही, म्हणून ती बाजारात जाते आणि पुढच्या माणसाला काहीच माहीत नसतं. तुम्ही निकाल हातात देऊन निघून आलात तर तुमचा तपास हीच वाट तिला दाखवतो.

त्याऐवजी पशुवैद्यकांसह मालकाजवळ बसा. वेगळं बांधायला जागा आहे का, उकळलेलं दूध घरात वापरता येईल का, पुढचं वेत वेगळ्या ठिकाणी होऊ शकेल का, पाठीमागच्या कालवडींना एस-१९ टोचली का, हे एकेक करून ठरवा. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस मोफत मिळते. गोशाळेत पाठवायची भाषा झाली तर तिथल्या बाकीच्या गाईंचाही विचार करा. बर्ड फ्लूत नष्ट केलेल्या पक्ष्यांची सरकारी भरपाई मिळते, तिचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. "नंतर या" म्हटलं की पुढच्या वेळी कुणी खबर देत नाही.

आणि नाव बाहेर जाऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर गोठ्याचा फोटो गेला की दूध संकलन केंद्र त्या घराचं दूध बंद करतं, पोरीच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट जाते. पत्रकारांना तालुक्याचं नाव पुरे. बोलायचं ते जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी.

अहवाल, आणि परत जाणं

अहवाल चार-पाच पानांचा पुरे: काय झालं, कोणाला, कुठे, कधी, आम्ही काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, काय राहिलं. एक प्रत आरोग्य विभागाला, एक पशुसंवर्धनाला. "काय राहिलं" हा भाग मोकळेपणाने लिहा. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणाऱ्याला तोच उपयोगी पडतो.

मग गावात परत जा. ज्या बाईने गोठ्यात उभं राहून सगळं सांगितलं तिला निकाल आधी सांगा, सरपंचांना नंतर. तिच्या गोळ्यांचे सहा आठवडे पूर्ण झाले का ते पाकिटं मोजून बघा. कंबर अजून दुखते का विचारा. कुठल्या गाई-शेळ्या भरवल्यात ते विचारून तारखा लिहून घ्या: शेळीला साधारण पाच महिने, गाईला नऊ महिने नऊ दिवस. त्या हिशेबाने वेताच्या पंधरा दिवस आधीची तारीख डायरीत टाका, आणि त्या दिवशी हातमोज्यांची नवी जोडी घेऊन वस्तीवर जा.